फोंड्यूबरोबर कोणती वाईन? आधी ताटाची डावी बाजू आठवा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असा: दोन वर्षांपासून लिओंमध्ये राहता. नाताळच्या आठवड्यात आन्सीच्या वर आल्प्सच्या डोंगरात चार रात्रींसाठी घर घेतलंय. आठ माणसं: तुम्ही दोघं, ऑफिसातली दोन फ्रेंच जोडपी, नाशिकहून येणारी ताई आणि दाजी. एक रात्र फोंड्यू (वाईनमध्ये वितळवलेलं चीज, त्यात पाव बुडवून खायचा), एक रात्र राक्लेट (वितळलेलं चीज बटाट्यांवर), २४ तारखेला फ्रेंच मंडळींच्या हातचं सणाचं जेवण (ऑयस्टर आणि मोरेल मशरूम घातलेली कोंबडी), आणि एक रात्र ताईचा मटण रस्सा. तुमची बायको शाकाहारी. दाजींना रेडशिवाय काही चालत नाही. ताई फार तर अर्धा ग्लास घेते. बजेट अडीचशे युरो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘सगळ्यात चांगल्या दहा बाटल्या सांगा.’

दहा चांगल्या बाटल्यांची यादी मी पाच मिनिटांत देऊ शकेन, पण तिचा तुम्हाला उपयोग होणार नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. चार रात्रींची चार जेवणं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, आणि पिणारेही एका चवीचे नाहीत. अशा वेळी ‘चांगली वाईन’ शोधणारा माणूस हमखास बोर्दो भागातली एक महागडी, दणकट रेड घेतो आणि ती फोंड्यूच्या रात्री उघडतो. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी स्वतः तेच केलंय.

मुंबईत हॉटेलात काम शिकलो आणि मग बरीच वर्षं जिनिव्हा आणि वरच्या साव्वाच्या भागात (साव्वा म्हणजे फ्रेंच आल्प्सचा प्रांत, तुमचं आन्सी त्यातच), रेस्टॉरंटांमध्ये वाईन वाढण्याचं काम केलं. पहिल्याच हिवाळ्यात एका टेबलाने फोंड्यू मागवला आणि ‘तुमच्याकडची चांगली रेड द्या’ म्हणाले. मी उत्साहाने एक जाडजूड बोर्दो सुचवली. अर्धी बाटली तशीच राहिली. मालकीणबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. रात्री आवराआवर झाल्यावर त्यांनी उरलेली बाटली आणि पावाच्या तुकड्यावर थोडं वितळलेलं चीज माझ्यासमोर ठेवलं. एक घास, एक घोट. जिभेवर लोखंडाची पट्टी ठेवल्यासारखं झालं आणि चीज घशात गोळा होऊन बसलं.

याचं कारण साधं आहे. खूप उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ कोरडी, ओढल्यासारखी होते ना, ते टॅनिन. दणकट रेडमध्ये ते भरपूर असतं. वितळलेलं चीज म्हणजे मीठ आणि स्निग्धता. टॅनिनचं अशा चीजशी जमत नाही, आणि स्निग्धता कापायला लागणारा आंबटपणा त्या वाईनमध्ये पुरेसा नसतो. तुमच्या सासूबाईंनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली आणि वर कटाची आमटी नसेल तर काय होईल? तसंच.

आपल्या ताटाला डावी बाजू असते. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. पोट भरायला ती नसते. उजवीकडचं जड जेवण जिभेवर साचू नये, पुढचा घास पहिल्यासारखा लागावा, एवढंच तिचं काम. आल्प्सच्या जेवणात डावी बाजू जवळजवळ नसतेच. बटाटा, चीज, साय, सॉसेज, पाव, सगळं उजवीकडचं. तिथे डाव्या बाजूचं काम वाईन करते. म्हणून त्या डोंगरांतल्या वाईन हलक्या, आंबटसर आणि कमी अल्कोहोलच्या आहेत आणि तिथल्या लोकांना त्या तशाच हव्या असतात. एवढं डोक्यात बसलं की निम्मी खरेदी झाली.

पहिली रात्र, फोंड्यू. इथे मला शंका नाही: साव्वाची पांढरी, जाकेर द्राक्षाची, बाटलीवर आप्रमों किंवा आबीम हे नाव. (मी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, दुकानात अशीच म्हणून दाखवलीत तर समजतील.) या मळ्यांखालची जमीन कशी तयार झाली ते ऐकण्यासारखं आहे. १२४८ च्या नोव्हेंबरात, एका रात्रीत शांबेरीजवळच्या माँ ग्रानिए या डोंगराचा कडा कोसळला आणि खालची गावं दगडाखाली गाडली गेली. त्या चुनखडीच्या ढिगाऱ्यावर आज आप्रमों आणि आबीमचे मळे आहेत. लिओंहून आन्सीला जाताना थोडा वळसा घेऊन शांबेरीवरून गेलात तर तो तुटलेला कडा रस्त्यावरून स्वच्छ दिसतो.

जाकेर म्हणजे फार मोठी वाईन नव्हे. साडेदहा-अकरा टक्के अल्कोहोल, लिंबाची साल, ओला दगड, संपली. पण फोंड्यूबरोबर ती लिंबाच्या फोडीसारखी वागते. बाटली नऊ-दहा युरोच्या आसपास. यापेक्षा महाग पांढरी वाईन त्या रात्री घेऊ नका. ओकच्या पिंपात मुरवलेली, लोण्यासारखी शारदोने तर नकोच. चीजवर आणखी लोणी कशाला?

शिवाय एक बाटली भांड्यात जाणार आहे, ती हिशेबात धरा. माणशी दोनशे ग्रॅम चीज, म्हणजे आठ जणांना एक किलो सहाशे. त्याला सुमारे सातशे मिलिलिटर वाईन लागते. ती स्वादापुरती नसते. चीज नुसतं तापवलं तर प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि तूप वेगळं होतं. वाईनमधलं आम्ल चीजमधलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे मिश्रण एकजीव राहतं. म्हणून भांड्यात जाणारी वाईनही आंबटच हवी. फाटायला लागलं तर घाबरू नका: लिंबाचा रस आणि त्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ढवळत राहायचं. तळाला जी खरपूस खापरी धरते तिच्यावरून भांडणं होतात. ती दाजींना द्या, रेड न मिळाल्याचं दुःख कमी होईल.

ताई अर्धाच ग्लास घेते म्हणालात. तिला संकोच वाटू नये म्हणून सांगतो: फोंड्यूबरोबर कोरा गरम चहा पिणं ही स्वित्झर्लंडमधली जुनी रीतच आहे. ‘वाईन नाही घेतली तर चीज पोटात दगड होतं’ असं तुमचे फ्रेंच मित्र म्हणतील. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर प्रयोग छापून आला होता. त्यात वाईन पिणाऱ्यांचं पोट चहा पिणाऱ्यांपेक्षा हळू रिकामं होत होतं. त्रास मात्र दोघांना सारखाच. तेव्हा चहाची किटली टेबलावर खुशाल ठेवा.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत, पण माझ्या मते वाईनपेक्षा आधी बघायला हवी. तुमची बायको कितपत काटेकोर शाकाहारी आहे? कोंते, बोफोर, रब्लोशों, ग्रुयेर ही सगळी नावाजलेली चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पाचक रसाने) विरजतात. त्यांच्या नियमांतच ते आहे. पाकिटावर ‘प्रेझ्युर’ हा शब्द दिसला तर बहुधा तेच. काहींना हे माहीत असतं आणि चालतं, काहींना नंतर कळलं तर वाईट वाटतं. माझ्या एका टेबलावर नेमकं हेच झालं होतं, आणि त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. चालत नसेल तर त्या रात्री तिच्यासाठी ग्रातँ दोफिन्वा करा: बटाट्याच्या चकत्या, दूध, साय, लसूण, जायफळ. मूळ पाककृतीत चीज नसतंच, आणि त्याच आप्रमोंबरोबर ते उत्तम लागतं. राक्लेटसाठी सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरलेलं चीज काही सुपरमार्केटांत मिळतं, पाकीट उलटं करून वाचावं लागतं.

वाईनचंही तसंच आहे. गढूळपणा काढायला काही जण अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. काही जण बेंटोनाइट नावाची माती वापरतात. काही जण काहीच वापरत नाहीत. वापरलेलं नंतर गाळून काढतात, त्यामुळे बाटलीवर प्रत्येक वेळी लिहिलेलं असेल असं नाही. ‘व्हेगन’ असा शिक्का असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दुकानदाराला विचारा. सुपरमार्केट सोडून वाईनच्या दुकानात, ज्याला इथे काव्हिस्त म्हणतात त्याच्याकडे जा, असं मी म्हणतो त्याचं हे एक कारण. त्याला विचारता येतं.

दुसरी रात्र, राक्लेट. चीज तेच वितळलेलं, पण बरोबर उकडलेले बटाटे, हॅम, सुकवलेलं मांस आणि व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या. त्या काकड्या वाईनच्या वैरी आहेत. काकडी खाल्ल्यावर लगेच घोट घेतला तर कुठलीही वाईन पाणचट लागते. मधे बटाटा खा.

या रात्री दोन रंग ठेवता येतील. पांढरी म्हणून रूसेत द साव्वा. द्राक्षाचं नाव आल्तेस. जाकेरपेक्षा अंगाने भरलेली, थोडा मध, थोडा बदाम, तरी शेवटी आंबटपणा आहेच. दोन-तीन वर्षं जुनी मिळाली तर सोडू नका. शिन्यां-बेरजरों हीसुद्धा चांगली निवड आहे. तिचं द्राक्ष रूसान, खाली ऱ्होनच्या खोऱ्यातलं, त्यामुळे जर्दाळूचा गोड वास येतो. मला स्वतःला राक्लेटबरोबर रूसेत जास्त आवडते, पण हा आवडीचा भाग झाला. तुमच्या फ्रेंच मित्रांपैकी कुणी साव्वाचं असेल तर यावर वाद घालेल, घालू द्या.

आणि दाजींसाठी मोंदोझ. साव्वाचं खरं लाल द्राक्ष. रंग गडद, वास जांभळ्या फुलांचा आणि काळ्या मिरीचा, पण अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास आणि टॅनिन बेताचं. हॅम, सॉसेज यांच्याबरोबर मस्त जमते. आर्बां गावची बघा. थोडी थंड द्या, चौदा-पंधरा अंशांना. दाजी नाक मुरडतील की रेड गार का, तर त्यांना एक गंमत सांगा. नाशिकला ते जी शिराझ पितात, ती शिराझ म्हणजे फ्रान्सची सिरा. जनुकीय तपासणीतून तिचे आईबाप सापडले आहेत: एक द्युरेझा, दुसरी मोंदोझ ब्लांश, म्हणजे साव्वाच्याच घराण्यातली. दाजींच्या आवडत्या द्राक्षाचं आजोळ तुमच्या भाड्याच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. माझा अनुभव असा की नातं लागलं की माणूस ग्लास रिकामा करतो.

तिसरी रात्र, २४ तारीख. इथे फ्रेंच मंडळी स्वयंपाक करणार, तेव्हा त्यांना आधी विचारा की ते काय आणणार आहेत. या दिवशी प्रत्येक घराची वाईन ठरलेली असते, आणि आपण परस्पर आणली तर कधी कधी ते बोलत नाहीत पण खटकतं. तरीही तुमच्याकडे तयारी असावी.

ऑयस्टरला लोक म्युस्कादे किंवा शाब्ली या कोरड्या पांढऱ्या वाईन घेतात. बरोबरच आहे. पण तुमच्याकडे आप्रमों असणारच, आणि ती इथेही तेच काम करते. वेगळी बाटली घेऊ नका. सुरुवातीला बुडबुड्यांसाठी शँपेन घ्यायलाच हवी असं नाही. क्रेमाँ द साव्वा घ्या. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत तीच, पैसे निम्म्याहून कमी.

मोरेल घातलेल्या कोंबडीसाठी मात्र मी हात सैल सोडीन. हा पदार्थ आल्प्सचा नाही, शेजारच्या ज्युरा डोंगरांतला आहे, आणि त्याची वाईन ठरलेली आहे: व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाईन. तिच्यावर जरा थांबतो, कारण आपल्या जिभेशी तिचं जेवढं जुळतं तेवढं फ्रान्समधल्या दुसऱ्या कुठल्याही वाईनचं जुळत नाही असं माझं मत आहे.

साव्हान्यँ नावाचं द्राक्ष. त्याची वाईन पिंपात भरतात आणि मग जे करू नये तेच करतात: पिंप भरत नाहीत. एरवी उडून गेलेली वाईन वरून घालत राहतात, हवा लागू नये म्हणून. इथे रिकामी जागा वाढू देतात. वाईनवर यीस्टची पातळ साय धरते, दुधावर धरते तशी, आणि त्या सायीखाली ती वर्षानुवर्षं बसते. पीक काढल्यावर सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत ती पिंपातून बाटलीत घालता येत नाही, असा नियम आहे. बाटलीही वेगळी, क्लाव्हलँ नावाची बुटकी, ६२ सेंटिलिटरची. एक लिटर ठेवली तर एवढ्या वर्षांनी एवढीच उरते, असं तिथले लोक सांगतात.

वास अक्रोडाचा, कोरड्या मसाल्याचा, आणि ओळखीचा. पहिल्यांदा ग्लास नाकाशी नेला तेव्हा मला आईचा लोणच्याचा मसाला आठवला. बऱ्याच वर्षांनी कारण कळलं. या वाईनमध्ये सोटोलॉन नावाचं एक द्रव्य तयार होतं, आणि मेथीदाण्याचा जो वास आपल्याला माहीत आहे तो त्याच द्रव्याचा. म्हणजे तुमच्या ताईच्या डब्यातली मेथी आणि ज्युरातल्या शातो-शालों गावच्या तळघरातलं पिंप, दोन्हींत एकच वास.

पण सावध करतो. न सांगता वाढलीत तर निम्म्या लोकांना ती बिघडलेली वाटेल. माझ्या एका पाहुण्याने ‘ही वाईन हवा लागून गेली आहे’ म्हणून बाटली परत पाठवली होती, आणि तांत्रिकदृष्ट्या तो फारसा चुकीचा नव्हता. चूक माझी, आधी चार शब्द सांगायला हवे होते. शिवाय मी ती फ्रिजमधून थेट आणली होती. व्हँ जोन चौदा-सोळा अंशांना, दोन-तीन तास आधी उघडून ठेवायची. लहान ग्लासात, थोडी थोडी. आठ जणांना एक बाटली पुरते. कोंबडीच्या रश्शात थोडी घालायला सांगतील, तर तिथे पळीभरच द्या. जेवणानंतर जुन्या कोंते चीजचा तुकडा, अक्रोड आणि उरलेली व्हँ जोन. उरली नाही तरी हरकत नाही आणि उरली तरी बिघडत नाही. बूच लावून आठवडेच्या आठवडे टिकते, सगळी हवा तिने आधीच खाऊन घेतलेली असते.

किंमत चाळीस युरोच्या आसपास. तुमच्या बजेटमधली ही एकच महाग बाटली, आणि मला ती पटते. ज्युराच्या इतर पांढऱ्या वाईन घ्यायच्या झाल्या तर दुकानात विचारा की ही ‘उइये’ आहे का, म्हणजे पिंप भरत ठेवलेली. असेल तर नेहमीसारखी ताजी, नसेल तर अक्रोडी. बाटलीवर प्रत्येक वेळी हे लिहिलेलं नसतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोडाच्या वेळी सगळ्यांची एकच चूक होते: केकबरोबर ब्रूत शँपेन. केक गोड, वाईन कोरडी. घोट घेतला की लिंबू चावल्यासारखं तोंड होतं. गोडाबरोबर वाईन गोडाइतकी तरी गोड हवी. ब्युजे-सेर्दों आणा. गुलाबी, बुडबुडे असलेली, गोडसर, आठ टक्के अल्कोहोल. लिओंपासून तासाभरावर तयार होते, तरी तिथे राहणाऱ्या बाहेरच्यांना ती माहीत नसते. ताईला ही आवडेल, पैज लावतो.

चौथी रात्र, मटण रस्सा. इथे सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात, आणि उत्तर ताईच्या हातावर अवलंबून आहे. रस्सा किती तिखट? फ्रेंच पाहुण्यांसाठी ती हात आखडणार की नाशिकचा काळा मसाला घेऊनच येणार?

तिखट असेल तर चौदा टक्क्यांच्या दणकट रेडला त्या रात्री टेबलापासून लांब ठेवा. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, टॅनिन त्यात भर घालतं. आगीला शांत करतात दोनच गोष्टी, थोडा गोडवा आणि गारवा. म्हणून व्हुव्रे, पण ‘दमी-सेक’ लिहिलेली, म्हणजे किंचित गोड. द्राक्ष शेनँ, जे नाशिकला शेनिन ब्लांक म्हणून लावतात. ताई-दाजींना चव ओळखीची वाटेल, फक्त इथे आंबटपणाचा कणा जास्त ताठ. आल्झासची गेव्युर्त्सट्रामिनर लोक भारतीय जेवणाबरोबर नेहमी सुचवतात. गुलाब आणि लिचीचा वास येतो, चवही चांगली, पण मटणाच्या रश्श्याबरोबर मला ती अत्तर लावून जेवायला बसल्यासारखी वाटते. पनीर किंवा खोबऱ्याच्या कमी तिखट भाजीबरोबर मात्र छान. तुमच्या बायकोसाठी त्या रात्री तसं काही होणार असेल तर एखादी घ्या. लेबलवर गोडी लिहिलेली असते, २०२१ च्या पिकापासून आल्झासमध्ये ते बंधनकारक आहे.

रस्सा मध्यम असेल तर रेड चालेल, पण ती लिओंच्या शेजारच्या बोजोलेची हवी. फ्लरी किंवा शिरूब्ल गावची. गामे द्राक्ष, टॅनिन जवळजवळ नाही, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. लिओंत राहून बोजोले सोडून बोर्दो शोधणं म्हणजे कोकणात राहून आंबा बाजारातून मागवणं. आणि दाजींचा मान राखायला एक क्रोझ-एर्मिताज, तीही सिरा द्राक्षाचीच. ती रश्श्याबरोबर न उघडता आधी सुक्या मटणाच्या तुकड्यांबरोबर उघडा, रस्सा येईपर्यंत संपलेली असेल.

आल्प्सच्या बाकी बाजूंबद्दल थोडक्यात, कारण एखादा दिवस तुम्ही फिराल. जिनिव्हाला गेलात तर फाँदाँ प्या. ही व्हाले प्रांतातली पांढरी, शास्ला द्राक्षाची, जाकेरपेक्षा मऊ. स्विस लोक आपली वाईन जवळजवळ सगळी स्वतःच पितात, जेमतेम एक टक्का बाहेर जाते, म्हणून ती तिथेच प्यावी. व्हाले प्रांतातली पतीत आर्व्हीन दिसली तर घ्या, शेवटी जिभेवर चक्क मिठाची चव राहते. वर व्हिस्परटर्मिननला अकराशे मीटरच्या आसपास चढलेले मळे आहेत, तिथली हायडा म्हणजे ज्युराचंच साव्हान्यँ, फक्त सायीशिवाय. शामोनीहून बोगद्याने पलीकडे इटलीत उतरलात तर माँ ब्लांच्या पायथ्याशी मोर्जेची पांढरी मिळते. तिथले वेल बुटक्या मांडवांवर आणि स्वतःच्या मुळांवर उभे आहेत, कलमावर नाहीत. मुळं खाणारी फिलोक्सेरा कीड तिथवर पोचलीच नाही. या सगळ्या घरी आणायच्या यादीत नाहीत. दिसल्या तर एक ग्लास.

आता हिशेब. माणशी अर्धी बाटली धरली तर रात्रीला चार. चार रात्रींच्या सोळा, एक फोंड्यूच्या भांड्यात, एक वरकड. अठरा. आप्रमों पाच, रूसेत दोन, मोंदोझ दोन, क्रेमाँ दोन, व्हँ जोन एक, व्हुव्रे दमी-सेक दोन, बोजोले एक, क्रोझ-एर्मिताज एक, ब्युजे-सेर्दों दोन. माझ्या अंदाजाने हे अडीचशे युरोत बसतं, दुकानागणिक दहा-वीस इकडे तिकडे. गेव्युर्त्सट्रामिनर घेतलीत तर एक व्हुव्रे कमी करा.

बाटल्या निवडताना सोनेरी पदकांच्या चकत्यांकडे फार बघू नका. ‘रेझर्व्ह’, ‘व्हिए व्हीन्य’ म्हणजे जुने वेल, या शब्दांना फ्रान्समध्ये कायद्याने ठरलेला अर्थ नाही. बुचावरच्या झाकणावर पिंप खांद्यावर घेतलेल्या माणसाचं चित्र असेल तर तो स्वतः द्राक्ष पिकवून स्वतः बाटलीत भरणारा शेतकरी आहे, एवढं नक्की. साव्वाच्या बाबतीत मी त्या चित्रावर बराच भरवसा ठेवतो, कारण स्कीच्या हंगामात पर्यटकांसाठी भरलेली पाणचट आप्रमोंही खूप विकली जाते. तिच्यामुळेच साव्वाची वाईन म्हणजे स्वस्त आणि आंबट असं नाव पडलं.

बाटल्या गार करायला सगळे बाल्कनीत बर्फात खोचतात. अर्ध्या तासासाठी ठीक. रात्रभर विसरलात आणि पारा उणे पाच-सहाच्या खाली गेला तर वाईन गोठते, बूच वर येतं, आणि क्रेमाँ असेल तर बाटली फुटते. मी सकाळी बाल्कनीतून काचा वेचल्या आहेत.

शेवटचा तुमचा प्रश्न, ताईने परत जाताना काय न्यावं. भारतात माणशी दोन लिटर करमुक्त नेता येते. नेहमीच्या ७५ सेंटिलिटरच्या बाटल्या घेतल्या तर दोनच बसतात, अर्धा लिटर फुकट जातो. क्लाव्हलँ तीन बसतात, १.८६ लिटर. आणि नाशिकला पोचल्यावर उघडायची घाई नाही, व्हँ जोन पन्नास वर्षंही थांबते. फक्त सामानात मेथीच्या डब्यापासून लांब ठेवायला सांगा, नाहीतर दाजी एक दिवस वास घेऊन विचारतील की बाटली फुटली की डबा सांडला.